अवयव एकही माहीत नाही, तरी संयुक्तच: २^१२७७ − १ या संख्येबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: २^१२७७ − १ (२ चा १२७७ वा घात, वजा १) ही संख्या संयुक्त आहे असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण तिचा एकही अवयव कुठेच दिलेला नाही. अवयव हातात नसताना ती संयुक्त आहे हे इतकं छातीठोकपणे कसं सांगतात? आणि घरच्या लॅपटॉपवर प्रयत्न केला तर एखादा अवयव सापडेल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे म्हणून ते आधी देतो. आशा जवळजवळ नाही. का नाही, ते पुढे येईलच. पहिला प्रश्न मात्र मला फार आवडतो, कारण शाळेत आपल्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते: संयुक्त म्हणजे जिला भाग जातो ती, आणि भाग जातो हे दाखवायचं तर भागून दाखवायचं. मोठ्या संख्यांच्या बाबतीत हे दोन प्रश्न पूर्ण वेगळे पडतात. ‘ही मूळ संख्या आहे का?’ याचं उत्तर काढायला क्षणभर पुरतो. ‘हिचे अवयव कोणते?’ याला सत्तर वर्षंही पुरत नाहीत.

आधी संख्येची ओळख करून घेऊ. ती ३८५ अंकी आहे. सुरुवात २६०१ अशी होते, शेवट ७१ ने होतो. ९ ने भागल्यास बाकी ४ उरते, ७ ने भागल्यास ३. द्विमान पद्धतीत लिहिली तर नुसते १२७७ एक, मध्ये शून्य नाही. म्हणजे संख्या आपल्यापासून लपलेली मुळीच नाही. तिचा प्रत्येक अंक माहीत आहे, कुठल्याही संख्येने भागल्यावर काय बाकी उरेल ते काढता येतं. फक्त ती कशाकशाच्या गुणाकाराने बनली, एवढंच कळत नाही. २^प − १ अशा रूपाच्या, प हा घातांक मूळ असलेल्या, म्हणजे मर्सेन प्रकारच्या संख्यांमध्ये, संयुक्त ठरलेली पण एकही अवयव माहीत नसलेली ही सगळ्यात लहान संख्या आहे. गंमत म्हणजे १२७७ चा जुळा १२७९, आणि २^१२७९ − १ ही चक्क मूळ संख्या आहे. आपल्या संख्येची चौपट करून ३ मिळवले की ती मूळ संख्या येते. एकीचा निकाल स्वच्छ, दुसरीचा अर्धवट.

आता मुख्य मुद्दा. फर्माचा छोटा सिद्धांत सांगतो: न ही मूळ संख्या असेल आणि अ ला न ने भाग जात नसेल, तर अ चा (न − १) वा घात न ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. मूळ संख्येला यातून सुटका नाही. त्यामुळे एक जरी अ असा सापडला की जिथे बाकी १ येत नाही, तर न मूळ नाही, विषय संपला. अवयव शोधण्याचा इथे संबंधच आला नाही. पायथॉन असेल तर आत्ता करून पाहा: पाऊ (pow) या फंक्शनला तीन आकडे द्या, पहिला ३, दुसरा आपली संख्या वजा १, तिसरा आपली संख्या. पापणी लवायच्या आत उत्तर येतं आणि ते १ नसतं. झाली सिद्धता, तुमच्या स्वतःच्या लॅपटॉपवर.

मी ३ घ्यायला सांगितलं, २ नाही, याला कारण आहे. मर्सेन संख्यांच्या बाबतीत २ हा साक्षीदार फितूर असतो. न = २^प − १ आणि प मूळ असेल तर न − १ = २^प − २, आणि याला फर्माच्याच सिद्धांताने प ने भाग जातो. पण २^प ला न ने भागल्यावर बाकी १ च उरते. म्हणून २ चा (न − १) वा घातही नेहमी १ च बाकी देतो, न मूळ असो वा नसो. २^११ − १ = २०४७ घ्या. ती २३ × ८९ आहे, पण २ ला विचारलं तर तो बिनदिक्कत ‘मूळ आहे’ म्हणतो. इतकंच काय, मिलर–राबिन ही जी जास्त कडक कसोटी संगणकात सर्रास वापरतात, तिच्यातही पाया (म्हणजे वरचा अ) २ घेतला तर २०४७ सुटून जाते. पाया २ घेतल्यावर त्या कसोटीतून निसटणारी ही सगळ्यात लहान संयुक्त संख्या. विद्यार्थी हौसेने स्वतःचा प्रोग्राम लिहितात, पाया म्हणून २ धरतात आणि मग ‘सगळ्याच मर्सेन संख्या मूळ निघाल्या’ म्हणून विचारायला येतात, ते यामुळे.

मर्सेन संख्यांसाठी यापेक्षा चांगली, खास त्यांच्यासाठी घडवलेली कसोटी आहे: ल्यूकास–लेहमर. फ्रान्सच्या एदुआर ल्यूकासने ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मांडली, अमेरिकेच्या डी. एच. लेहमरने १९३० च्या सुमारास तिला आजचं रूप दिलं. कृती अशी: ४ पासून सुरुवात करा. दर वेळी वर्ग करा, २ वजा करा, २^प − १ ने भागून बाकी ठेवा. असं प − २ वेळा करा. शेवटी शून्य आलं तर संख्या मूळ, नाही तर संयुक्त. दोन्ही बाजूंनी पक्कं, ‘बहुधा’ वगैरे काही नाही. प = ११ साठी हाताने करून पाहण्यासारखं आहे: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. नऊ पायऱ्या झाल्या, शेवटी १७३६ आले, शून्य नाही. म्हणून २०४७ संयुक्त. आता त्या १७३६ कडे कितीही टक लावून बघा, त्यात २३ किंवा ८९ चा मागमूस दिसत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका आकड्यात आहे. कसोटी एवढंच सांगते की मूळ संख्या असती तर असं घडलं नसतं. का घडलं, कोणत्या अवयवांमुळे घडलं, याबद्दल ती मुकी असते.

प = १२७७ साठी याच कृतीच्या १२७५ पायऱ्या लागतात. बर्कलीच्या राफेल रॉबिन्सन या गणितज्ञाने १९५२ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या स्वॅक या संगणकासाठी हा प्रोग्राम लिहिला, तोही यंत्र डोळ्यांनी न बघता, त्याचं माहितीपुस्तक वाचून. ३० जानेवारीला पहिल्याच दिवशी ५२१ आणि ६०७ या घातांकांच्या मूळ संख्या सापडल्या, २५ जूनला १२७९ ची, ऑक्टोबरमध्ये २२०३ आणि २२८१ च्या. यंत्राच्या स्मृतीत २३०४ पर्यंतचे घातांक मावत होते, तिथपर्यंतचे सगळे तपासून झाले. १२७७ चा ‘संयुक्त’ हा निकाल त्याच मोहिमेतला. तेव्हापासून आजपर्यंत पुढे एक पाऊल पडलेलं नाही.

हे पहिल्यांदाच घडतंय असं मात्र नाही. या संख्यांना ज्याचं नाव आहे त्या फ्रेंच मर्सेनने १६४४ मध्ये दिलेल्या यादीत २^६७ − १ मूळ म्हणून नोंदली होती. १८७६ मध्ये ल्यूकासने ती संयुक्त असल्याचं दाखवलं, अवयव न देता. अवयव दिले फ्रँक नेल्सन कोलने, ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ = १४७५७३९५२५८९६७६४१२९२७. म्हणजे २७ वर्षं हीसुद्धा अशीच लटकलेली होती. कोल एक शब्द न बोलता फळ्यावर आकडेमोड करून जागेवर जाऊन बसला, असा किस्सा सांगतात. किस्सा सोडा, त्यातला पहिला अवयव जरा जवळून बघा. त्यातून १ वजा केला तर १९३७०७७२० = ८ × २७ × ५ × ६७ × २६७७. सगळे बारीक बारीक तुकडे, सर्वांत मोठा २६७७. पोलार्डने १९७४ मध्ये काढलेली ‘पी वजा एक’ पद्धत नेमकी अशाच अवयवांवर चालते, त्यामुळे आज मोबाइलवरसुद्धा हा अवयव चुटकीसरशी निघतो. कोलजवळ ती पद्धत नव्हती आणि यंत्रही नव्हतं.

आता आपल्या संख्येचे अवयव कसे असतील याबद्दल काय माहीत आहे? बरंच आहे. समजा क हा तिचा एखादा मूळ अवयव. म्हणजे २^१२७७ ला क ने भागल्यावर बाकी १. १२७७ मूळ असल्याने याहून लहान कुठल्याही घातावर बाकी १ येऊ शकत नाही (पहिला घात सोडून, आणि तिथे बाकी १ येणं अशक्यच). फर्माचा सिद्धांत लावला की क − १ ला १२७७ ने भाग जायलाच हवा. क विषम आहे, म्हणून २५५४ ने. याशिवाय २^१२७८ ची बाकी २ येते आणि २^१२७८ हा तर पूर्ण वर्ग आहे, म्हणजे क ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या जगात २ हा वर्ग आहे. यावरून क ला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ च उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या तर क = २५५४म + १, आणि म ला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा ३.

उमेदवार तपासायला बसू. म = ३: ७६६३, पण ती ७९ × ९७, स्वतःच मूळ नाही. म = ४: १०२१७ = १७ × ६०१. म = ७: १७८७९ = १९ × ९४१. म = ८: २०४३३, ३ ने भाग जातो. म = ११: २८०९५, ५ ने जातो. म = १२: ३०६४९. ही मूळ आहे. तीस हजारांपर्यंत तीन हजारांहून जास्त मूळ संख्या येऊन गेल्या, त्यातली एकही तपासण्याच्या लायकीची नव्हती. पहिला खरा उमेदवार हा.

त्याला भाग जातो का हे बघायला ३८५ अंकी संख्या लिहायची गरज नाही. १२७७ द्विमान पद्धतीत १००११११११०१. घातांक असे वाढवत न्यायचे: ९, १९, ३९, ७९, १५९, ३१९, ६३८, १२७७. दर वेळी वर्ग, गरज पडली तर दुप्पट, आणि ३०६४९ ने भागून बाकी. बाक्या अनुक्रमे ५१२, ३२५५, ११५९१, २७७९, २९२३५, १४४२२, ९९७० आणि शेवटी १२३८६. बाकी १ आली असती तर तो अवयव ठरला असता. १२३८६ आली, उमेदवार बाद. साधा कॅल्क्युलेटर घेऊन पाच-दहा मिनिटांत होतं, जरूर करून पाहा. एक्सेलमध्ये थेट २^१२७७ मात्र टाकू नका, नुसती त्रुटी येईल, कारण त्याची मर्यादा साधारण ३०९ अंकांपर्यंतच. त्याआधीही ते १५ अंकांनंतर शून्यं भरतं. २^६७ दिलं तर शेवटचे सहा अंक शून्य दिसतात, आणि त्या आकड्याला भाग देऊन ‘अवयव सापडला’ म्हणणारे लोक मला नियमितपणे भेटतात.

रचनेबद्दल आणखी थोडं. ही संख्या कुणाचा वर्ग, घन किंवा कुठलाही पूर्ण घात असू शकत नाही. ४ ने भागल्यावर बाकी ३ उरते, म्हणून वर्ग नाही. आणि अ चा विषम ब वा घात असती तर अ^ब + १ = २^१२७७ झालं असतं. पण अ^ब + १ चे (अ + १) आणि दुसरा एक असे अवयव पडतात. त्या दुसऱ्यात विषम संख्येची विषम पदं असतात, म्हणून तो विषम आणि १ पेक्षा मोठा. २ च्या घाताला असा अवयव कुठला? दुसरं, तिला ८ ने भागल्यावर बाकी ७ उरते. अवयव फक्त बाकी १ वाले किंवा ७ वाले, तेव्हा ७ वाल्यांची संख्या विषम हवी, निदान एक तरी हवाच. २०४७ मध्ये ताडून बघा: २३ ची बाकी ७, ८९ ची १.

एकच अवयव दोनदा येत असेल का, हा त्यातला सगळ्यात सुंदर प्रश्न. मर्सेन संख्येला क² ने भाग जात असेल तर क ही वीफरिख मूळ संख्या असावी लागते, म्हणजे २^(क−१) − १ ला क² ने भाग जाणारी. अशा दोनच माहीत आहेत: १०९३ (१९१३ मध्ये सापडलेली) आणि ३५११ (१९२२). दोन्ही आपल्या साच्यात बसत नाहीत. म्हणजे २^१२७७ − १ चा एखादा अवयव दुहेरी निघाला, तर त्याच दमात तिसरी वीफरिख संख्याही हाती येईल. असं होईल असं मला वाटत नाही, पण होणार नाही असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

एवढं कळूनही काही साध्या गोष्टी अडून बसतात. तिचे एकूण विभाजक किती? माहीत नाही. विभाजकांची बेरीज? माहीत नाही. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या संख्या किती, म्हणजे ऑयलरचं फाय? तेही नाही. हे फाय कुणी आयतं आणून दिलं, तर त्यातून अवयव सहज काढता येतात. म्हणून ‘अवयव नाही तर निदान फाय तरी सांगा’ ही सूट नव्हे, तो तोच प्रश्न आहे. आरएसए या गुप्तलेखन-पद्धतीच्या कुलुपाचं बळ यातच आहे.

अवयव शोधायचे कसे, याला आज दोन वाटा. पहिली ईसीएम, म्हणजे हेंड्रिक लेन्स्ट्राची १९८० च्या दशकातली इलिप्टिक कर्व्ह पद्धत. तिचा वेळ मुख्यतः लपलेला अवयव किती मोठा यावर ठरतो, संख्या किती मोठी यावर फारसा नाही. जगभरातल्या हौशी आणि जाणकार मंडळींनी या संख्येवर ईसीएमचा इतका मारा केला आहे की पन्नास अंकी अवयव असता तर तो निसटला नसता असं मी धरून चालतो. तसं धरलं तर सातपेक्षा जास्त मूळ अवयव तिच्यात मावतच नाहीत. माझा कौल दोन किंवा तीन अवयवांकडे आहे. आणि इथेच लॅपटॉपचं गणित फिसकटतं: ६५ अंकी अवयवासाठी ईसीएमची पहिली मर्यादा (एकेक प्रयत्न किती खोलवर न्यायचा तो आकडा) ८५ कोटींच्या घरात ठेवतात आणि हजारोंच्या हिशेबात वक्र, म्हणजे स्वतंत्र प्रयत्न, चालवावे लागतात. वीजबिल येईल, अवयव येणार नाही.

दुसरी वाट नंबर फील्ड सीव्ह. तिला अवयवांच्या आकाराशी देणंघेणं नाही, फक्त संख्येच्या आकाराशी आहे. २^न − १ असं देखणं रूप असलेल्या संख्यांसाठी तिचा एक खास, स्वस्त प्रकार आहे. त्यानेच २०१२ मध्ये २^१०६१ − १ ही ३२० अंकी संख्या १४३ अंकी आणि १७७ अंकी अशा दोन मूळ अवयवांत फुटली, स्वयंसेवकांचे हजारो संगणक जोडून. तुलनेसाठी, कोणतंही सोयीचं रूप नसलेली २५० अंकी आरएसए-२५० फेब्रुवारी २०२० मध्ये फुटली, सुमारे २७०० कोअर-वर्षं (एका प्रोसेसर-कोअरचं वर्षभराचं काम म्हणजे एक कोअर-वर्ष) खर्चून. माझ्या अंदाजाने २^१२७७ − १ ला खास प्रकार लावला तर काम आरएसए-२५० च्याच आसपास जाईल. म्हणजे अशक्य नाही, महाग आहे. एखाद्या संस्थेने मोठा संगणक वर्ष-दीड वर्ष यासाठी द्यायचा ठरवला तर होईल. पण एका संख्येच्या हट्टापायी कोण देणार?

भारताचा इथे येणारा उल्लेख पहिल्या प्रश्नाशी जोडलेला आहे. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे, नशिबावर न विसंबता आणि अंकसंख्येच्या बहुपदी वेळात (म्हणजे अंक वाढले तरी वेळ आवाक्याबाहेर उसळत नाही अशा रीतीने) ठरवता येतं, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. प्रत्यक्षात ती रीत कुणी वापरत नाही, इतर रीती तिच्याहून कितीतरी वेगवान आहेत. तरी ‘ओळखणं’ सोपं आहे हे त्यामुळे कायमचं पक्कं झालं. ‘फोडणं’ही तितकंच सोपं आहे का, याचं उत्तर कुणाकडे नाही, ना होय ना नाही.

हात साफ करायचा असेल तर जीएमपी-ईसीएम हा ईसीएम चालवणारा प्रोग्राम उतरवून घ्या आणि छोट्यांपासून सुरुवात करा. २^१०१ − १ चा धाकटा अवयव १३ अंकी आहे, लगेच पडेल. मग २^१३७ − १ घ्या. तिचा धाकटा अवयव २० अंकी, पहिली मर्यादा ११००० ठेवलीत तरी भागेल. आणि उद्या कुणी २^१२७७ − १ चा अवयव सापडल्याचा दावा घेऊन आला तर आधी २५५४ ने भागून बाकी १ येते का बघा, मग ८ ने भागून १ किंवा ७ येते का बघा. बहुतेक दावे तिथेच गळतात. उरलेल्यांसाठी वर ३०६४९ ला लावलेली वर्गांची साखळी आहे, तिला काही सेकंदही लागत नाहीत.